दोन कोटांची बेरीज

दोष दाखवणाऱ्याला दाराबाहेर उभे करणे हे सत्तेचे जुने आणि सोपे कर्म आहे. त्याला धैर्य लागत नाही. परंतु आपल्याला दाराबाहेर उभे राहावे लागले, एवढ्यावरून आपण दाखवलेला दोष खरा ठरतो असेही नाही. अन्याय सोसणाऱ्याच्या हातूनही चूक घडलेली असू शकते. तशी ती घडली असेल, तर मान्य करणे दुप्पट कठीण. कारण मान्य करताच जग म्हणते, पाहा, शेवटी वाकलीच. या दोन सत्यांच्या मधल्या अरुंद जागेत एका बाईला अख्खा हिवाळा एकटीने काढावा लागला. त्या बाईची ही हकीकत.

ती एका वृत्तपत्रात वस्त्रांविषयी लिहीत असे. मोठमोठ्या डिझायनरांची प्रदर्शने पाहावीत आणि जे दिसले ते निःसंकोच लिहावे, यात तिचे उभे आयुष्य गेले. शिवणघरांतून तिला पाठीमागे ‘सुई’ म्हणत आणि तोंडावर ‘ताई’. दोन्ही नावांत तिला उणे काही वाटत नसे. तिची पाहण्याची रीत निराळी होती. रॅम्पवर मुलगी समोरून येत असताना इतरांचे कॅमेरे खटखटत, तेव्हा ती मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसे. मुलगी वळली आणि परत निघाली की ती पुढे झुके. समोरून वस्त्र आपली ओळख सांगते, पाठीमागून आपला स्वभाव, असे ती म्हणे.

ज्या डिझायनरशी या हकीकतीचा संबंध आहे, त्याच्यावर पहिला लेख तिनेच लिहिला होता. तेव्हा त्याच्याजवळ एक खोली, एक शिलाईयंत्र आणि आई एवढेच भांडवल होते. पुढे खोलीचे मजले झाले, यंत्रांची रांग लागली, नाव दूरवर गेले. पण एक रीत बदलली नाही. प्रत्येक मुलगी रॅम्पवर पाऊल टाकण्यापूर्वी पडद्याआड त्याच्या आईसमोर उभी राही आणि शेवटचे बटण ती आई, जिला सगळे माई म्हणत, स्वतःच्या हाताने लावी. माईंचा हात लागल्याशिवाय एकही वस्त्र बाहेर पडत नसे. वृत्तपत्रांनी ही गोष्ट इतक्यांदा छापली होती, की वस्त्रांतले काही न कळणाऱ्यांनाही ती ठाऊक होती.

गेल्या हंगामाच्या प्रदर्शनात गडद निळ्या लोकरीचे दोन कोट आले. पहिला एका उंच मुलीच्या अंगावर, दुसरा तिच्यामागून येणाऱ्या ठेंगण्या मुलीच्या. ताईने पाहिले, की उंच मुलीच्या पाठीत कापड ताणले आहे, बाहीचा मुंढा काखेत रुतला आहे आणि हात जरा उचलला की कोट सगळाच्या सगळा वर चढतो. ठेंगणी मुलगी तर आपल्या कोटात हरवूनच गेली होती. ताईने घरी येऊन लिहिले, ‘हे कोट उभे राहून छायाचित्र काढण्यापुरते आहेत. यांत बसता येणार नाही, कुणाला मिठी मारता येणार नाही. बेतणाऱ्याचे लक्ष आता अंगावरून उडून आरशाकडे लागले आहे.’

लेख गाजला. आणि पुढच्या हंगामाची निमंत्रणे निघाली, तेव्हा त्याच्या शिवणघराच्या जनसंपर्क विभागातल्या बाईंचा फोन आला.

“ताई, यंदा जागा जरा कमी आहेत हो.”

“मला उभं राहता येतं.”

“उभं राहायलाही अडचणच आहे.”

“मग सरळ सांगा ना, जागा आहे, मी नको आहे.”

त्या बाई चाचरत म्हणाल्या, “सरांनी निरोप दिलाय. मनाला लावून घेऊ नका. म्हणाले, ताईंना सांगा, एकदा डोळे तपासून घ्या.”

“त्यांना सांगा, निरोप पोचला. फी मात्र माझी मीच भरीन,” ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिच्या बाजूने लिहिणाऱ्या दोघा तरुणांनाही त्या घराने दार बंद केले. त्यांतली एक मुलगी ताईच्याच वृत्तपत्रात होती. नुकती लिहू लागलेली, धीट आणि उतावळी. मग दुसऱ्या एका शिवणघराला ही युक्ती आवडली, मग तिसऱ्याला. कुणी उघड नाही म्हटले नाही. निमंत्रणे तेवढी येईनाशी झाली.

एकटेपण ताईला नवे नव्हते. पण आजवर ते कामाच्या अलीकडे-पलीकडे असे. दिवेलागणीला सभागृहाकडे निघायचे, ओळखीच्या चेहऱ्यांना मान लववायची, घरी येऊन लिहायला बसायचे, या वाटेवर घराची शांतता तिला बोचत नसे. आता संध्याकाळ झाली की ती उगाच साडीच्या निऱ्या नीट करी आणि मग कुठे जायचे नाही हे आठवून पुन्हा खुर्चीत बसे. शेजारच्या खोलीत रेडिओ चालू ठेवी, शब्द कळू नयेत इतका हळू. घरात कुणी बोलते आहे असे वाटावे एवढ्याचसाठी. भाजी एका माणसाची करायला हात शिकलेला होता, पण जेवताना ताटासमोर वृत्तपत्र धरायची सवय सुटली, कारण त्यात आता ज्यांना बोलावणे होते त्यांचे लेख असत आणि सगळे लेख गोड असत. दूरच्या गावी असलेल्या भावाची मुलगी अधूनमधून फोन करी.

“आत्या, तू जेवलीस का?”

“जेवले.”

“काय जेवलीस?”

“तू वकील झालीस हे चांगलं झालं,” आत्या म्हणे. “उलटतपासणी घरच्या घरी होते.”

फोन संपला की ते हसू खोलीत काही क्षण रेंगाळे आणि मग तेही निघून जाई.

त्या निरोपाचा काटा मात्र निघेना. कापडाच्या ताण्याबाण्यातला फरक चार हातांवरून ओळखणाऱ्या बाईला कुणी डोळ्यांवरून बोलावे! रागाच्या भरात तिने ती गोष्ट उडवून लावली. पण शंका अशी वस्तू आहे, की ती रागाच्या उबेत वाढते. एके दिवशी तिने शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात नाव नोंदवले.

तपासणीपूर्वी डोळ्यांत औषधाचे थेंब घालून परिचारिकेने तिला बाकावर बसवले आणि डोळे मिटून राहायला सांगितले. बाकावर आणखीही माणसे तशीच बसली होती, भिंतीला डोके टेकून, जणू सगळी मिळून एकच स्वप्न पाहत असावीत. ताईने परिचारिकेला किती वेळ लागेल असे विचारले, त्यावर शेजारून एक वृद्ध आवाज आला.

“हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. सुई ना गं तू?”

तोंडावर सुई म्हणणारे जगात एकच माणूस होते. ताईने डोळे किलकिले केले. औषधाने सगळे धूसर झाले होते, तरी ती बारीक कुडी तिने ओळखली. “माई! तुम्ही इथं? आणि एकट्या?”

“हळू बोल. ड्रायव्हरला सांगितलंय, बटणांच्या दुकानात जाते म्हणून. तो बिचारा गाडीत वाट बघतोय, म्हातारीला बटणं निवडायला इतका वेळ का लागतो म्हणत असेल.” माई हसल्या. मग हात चाचपत त्यांनी ताईचा दंड धरला. “तुझे आभार मानायचे राहिले होते बाई. काय सुंदर लिहिलंस गं त्या निळ्या कोटांवर.”

ताईला आधी वाटले, हा टोमणा आहे. पण माईंना टोमणे येत नसत.

“मला आता छापलेलं दिसत नाही,” माई सांगू लागल्या. “लेकाला म्हटलं, तुझ्या आवाजात ऐकायला बरं वाटतं, तूच वाच. त्यानं सगळा लेख वाचून दाखवला. अंगाला मिठी मारल्यासारखे कोट आहेत, असं लिहिलंयस ना तू? मी दोनदा वाचायला लावलं ते.”

“हो,” ताई म्हणाली.

“माझा जीव किती टांगणीला लागला होता, तुला काय सांगू. कारण त्या दिवशी माझ्या हातून घोळ झाला. कुणाला सांगू नकोस. दोन्ही कोट एकाच कापडाचे, एकाच रंगाचे. मी हातानंच ओळखते आता सगळं. घाईत उंच पोरीचा कोट ठेंगणीला चढवला आणि ठेंगणीचा उंच पोरीला. वरून बटणंही लावून टाकली. परत आल्यावर उंच पोरगी कानात म्हणाली, माई, हा माझा नव्हता. मी तिचे हात धरले. गुणी पोर, बोलली नाही कुणाला. म्हटलं, आता सुईच्या नजरेतून हे सुटायचं नाही. पण तूसुद्धा सांभाळून घेतलंस. तुला कळलं होतं ना?”

डोळे मिटलेलेच ठेवावेत असे ताईला वाटले. “तुमच्या लेकाला ठाऊक आहे?” तिने विचारले.

“छे! त्याला वाटतं, मला सुईच्या नाकातून दोरा अजून दिसतो. कळलं तर तो मला पडद्याआड उभं राहू देणार नाही गं. आणि तिथं उभी राहिले नाही तर मी करायचं काय? घरात बसून भिंती मोजायच्या?”

भिंती मोजणे म्हणजे काय, हे ताईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने माईंच्या हातावर आपला हात ठेवला. परिचारिकेने माईंना आत बोलावले. जाताना त्या म्हणाल्या, “या वेळी ये हं लवकर. तू पुढे झुकून पाठ बघतेस ना, त्याशिवाय शो झाला असं वाटत नाही मला.”

डॉक्टरांनी ताईचे डोळे तपासून सांगितले, की या वयात इतकी चांगली दृष्टी क्वचित पाहायला मिळते. ती शुभवार्ता तिने एखादी शिक्षा ऐकावी तशी ऐकली.

घरी आल्यावर औषधाचा अंमल उतरेपर्यंत ती काळोख करून बसली. मग तिने त्या प्रदर्शनाची छायाचित्रे काढून पलंगावर शेजारी शेजारी मांडली. उंच मुलीच्या बाहीतून मनगटाचे हाड उघडे पडले होते. ठेंगणीच्या बाहीने बोटांची पेरे झाकली होती. एकीला जेवढे कमी पडत होते, नेमके तेवढेच दुसरीच्या अंगावर जास्त होते. तिने दोन दोष पाहिले होते. त्यांची बेरीज केली नव्हती. केली असती तर उत्तर शून्य आले असते.

का केली नाही? या प्रश्नाशी ती बराच वेळ बसून राहिली. गेले काही हंगाम त्या माणसाच्या मुलाखती वाचून तिला वाटू लागले होते, की यश याच्या डोक्यात गेले आहे. तिने आधी निकाल मनात लिहून ठेवला होता आणि कोट केवळ पुरावा म्हणून पाहिले होते. आणि त्याने? त्याने पडद्याआडून सगळे पाहिले असणार. स्वतः बेतलेला कोट परक्या अंगावर चढलेला त्याला ओळखू येऊ नये, असे कसे होईल? एक वाक्य उच्चारले असते तर तो सुटला असता. ते वाक्य आईच्या डोळ्यांवरून जात होते, म्हणून त्याने ते उच्चारले नाही. त्याऐवजी दार बंद केले, टोचून निरोप धाडला, आईला खोटा लेख वाचून दाखवला. तिला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी त्याच्याविषयी इतकी माया दाटून आली, की तिला उठून पाणी प्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी ती संपादकांसमोर बसली. ते वयाने तिच्याहून लहान होते आणि तिला ‘बाई’ म्हणत. तिने लिहून आणलेली चार ओळींची दुरुस्ती त्यांनी वाचली. ‘गेल्या हंगामातील दोन निळ्या कोटांच्या बेताविषयी मी जे लिहिले ते चुकीचे होते. कोट निर्दोष होते. चूक माझ्या पाहण्यात झाली. हे मी कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही.’

“बाई, हे काय? आणि आत्ता? त्यांच्या शोला पंधरवडासुद्धा उरला नाही.”

“म्हणूनच. उशीर झालाय.”

“लोक म्हणतील, खुर्चीसाठी लोटांगण घातलं. त्या शेवटच्या ओळीनं तर जास्तच म्हणतील.”

“म्हणू देत.”

“कारण तरी लिहा. काय दिसलं नाही, कसं चुकलं. कारण दिलं तर सावरता येईल.”

“कारण माझं मला पुरे.”

“लोकांना पुरत नाही. तुम्ही दिलं नाही तर ते आपापलं तयार करतात.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे छापल्यावर तुमचं सदर चालवणं मला जड जाईल. तुमच्या नावाची सगळी किंमत त्या एका गोष्टीत होती, की सुई कुणापुढे वाकत नाही.”

“सुई वाकली तर शिवता येत नाही, हे मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “पण चुकीचा टाका उसवायला हवा की नको?”

संपादकांनी दुरुस्ती ठेवून घेतली. दारापर्यंत ते तिच्यासोबत आले, एरवी कधी येत नसत.

त्या संध्याकाळी तिने डिझायनरला फोन लावला. तो उचलेल असे तिला वाटले नव्हते. त्याने उचलला.

“उद्याचा अंक वाच,” ती म्हणाली. “कोटांच्या बेतात खोट नव्हती. मी तसं लिहिलंय.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?” त्याने विचारले.

“तूच नव्हतं का सांगितलंस, डोळे तपासून घ्या म्हणून? तपासले.”

“ताई...” त्याचा आवाज फुटला. “कारण छापू नका. मी पाया पडतो.”

“कसलं कारण? मला कारण माहीतच नाही.”

तो रडत होता, हे तिला कळले. तिने त्याला रडू दिले. मग तो म्हणाला, “तिला वाटतं मला ठाऊक नाही. तिच्या हातून सुया पडल्या, की मी माझ्याच हातून सांडल्यासारखं करतो आणि आपणच उचलतो, तिला शोधाव्या लागू नयेत म्हणून. मला दुसरं काही सुचलंच नाही, ताई. तुमची खुर्ची मी आजच ठेवतो. पहिल्या रांगेत.”

“ठेवू नकोस. आत्ता मी तिथं बसले तर माझं लिहिणं आणि तुझं बोलावणं दोन्ही विकल्यासारखं दिसेल. मी येणार नाही. पण ऐक. मी चुकले हे खरं, म्हणून दार बंद करणं बरोबर ठरत नाही. उद्या मी नसेन, आणखी कुणी असेल, तिचं खरंही असेल. त्या दोन पोरांना आत घे. त्यांना जे दिसेल ते लिहू दे.”

“ते फाडून खातील मला.”

“खाऊ देत. तुझा हात चांगला आहे, पुरून उरशील. आणि दुसरं. डॉक्टरांकडे माईंना तू घेऊन जा. ती बाई बटणांच्या दुकानाचं नाव सांगून एकटी बाकावर बसते रे. काय बोलायचं ते गाडीत बस आणि बोल. पडद्याआड तिचा हात धरून कुणी उभं राहिलं, तर काय बिघडणार आहे?”

दुरुस्ती छापून आली. संपादक म्हणाले होते तसेच सारे झाले. कुणी लिहिले, सुई बोथट झाली. कुणी व्यंगचित्र काढले, त्यात ती रॅम्पवर नाक घासत चालली होती. तिच्यासाठी पूर्वी भांडलेल्या एका मित्राने रस्ता ओलांडून पलीकडचा पदपथ धरला. सदर त्या धीट, उतावळ्या मुलीकडे गेले. संपादकांनी ताईला ‘थोडी विश्रांती घ्या’ असे सांगितले, आणि ती विश्रांती किती, हे दोघांनीही विचारले-सांगितले नाही. भाचीचा फोन आला.

“आत्या, खरं सांग. तू माफी मागितलीस?”

“दुरुस्ती केली.”

“का? कुणी दबाव आणला? मी येऊ का तिकडे? नोटीस पाठवते एकेकाला.”

“कुणाकुणाला पाठवशील? चूक माझीच होती गं बाळ.”

“मग हे लोक असं का बोलतात?”

“त्यांना आत काय झालं ते माहीत नाही. मलाही परवापर्यंत कुठं माहीत होतं, तरी मी लिहिलंच ना.”

प्रदर्शनाच्या संध्याकाळी ती घरीच होती. शेजारच्या खोलीत रेडिओ नव्हता लावलेला. आज ते सोंग तिला नको वाटले. तिने भाकरी थापली, दूध तापवले, खिडकीशी येऊन उभी राहिली. रस्त्यावरून माणसे आपापल्या घरी चालली होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर कुणीतरी शिवलेले काहीतरी होते. त्या पाठी ती पाहत राहिली.

फोन वाजला. वृत्तपत्रातली ती धीट मुलगी होती. मागे गर्दीचा गलका होता.

“ताई, आत घेतलं मला! दुसऱ्या रांगेत बसवलं. माझ्याबरोबरच्या त्या दुसऱ्यालाही घेतलं, तो मागे होता.”

“माई होत्या?”

“होत्या ना. पडदा जरा सरकला तेव्हा दिसल्या. एक मुलगी त्यांच्याशेजारी उभी राहून कानात काहीतरी सांगत होती. पण ताई... मला नाही आवडलं यंदाचं. अर्धं जुनंच आहे, फिरवून फिरवून. इतकं करून आत घेतलं त्यांनी, आणि आता मी असं लिहू?”

ताईने क्षणभर डोळे मिटले. “पाठी पाहिल्यास?”

“एकूण एक.”

“एकटं वस्त्र पाहिलंस, की मागचं-पुढचं मिळून?”

“म्हणजे?”

“म्हणजे एकात काही चुकलेलं दिसलं, तर शेजारच्यात त्याचं उत्तर आहे का ते बघायचं. नसलं, तर मग बेधडक लिही. जुनं असेल तर जुनंच म्हण.”

“ते चिडतील.”

“चिडतील. पण बोलावतील.”

मुलगी हसली, घाईने ‘ठेवते हं’ म्हणाली, आणि गलका तुटला. ताई परत येऊन ताटावर बसली. भाकरी अजून गरम होती. समोर कुणी नव्हते, आणि ती सावकाश जेवली.

ज्या माऊलीचे डोळे विझत चालले आहेत, तिच्या बोटांना स्पर्शाचा प्रकाश लाभो. ज्या पुत्राने प्रेमापोटी अन्याय केला, त्याला अन्यायावाचून प्रेम करता येवो. नव्याने पाहायला बसलेल्या त्या मुलीची नजर तीक्ष्ण राहो आणि हृदय मऊ. आणि आपले नाव वेचून दुसऱ्याची लाज झाकणाऱ्या त्या एकट्या बाईच्या घरी, उशिरा का होईना, कुणाची तरी पावले वाजोत. सर्वांचे शुभ होवो.